परिचारिकेचे वाचन

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नर्सिंगच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या आपल्या मुलामुलींस चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली. आम्ही वैद्य नव्हे, प्राध्यापकही नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या चाकरीत शिरलो आणि कागद वाचणे हाच आमचा जन्माचा व्यवसाय होऊन बसला. तेव्हा औषधांविषयी नव्हे, पण वाचनाविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आहे, एवढ्याच आधारावर आम्ही येथे उभे आहोत.

बंगळूर हे नर्सिंगच्या शिक्षणाचे देशातील एक मोठे केंद्र आहे. निम्हान्ससारखी नामांकित संस्था येथे आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अशी अनेक महाविद्यालये येथे आहेत. आपल्या मराठी घरांतील मुलीही, आणि अलीकडे मुलगेही, या मार्गाने जाऊ लागले आहेत. बी. एस्‌सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. २०२१ च्या नव्या नियमांनुसार त्याची आठ सत्रे झाली. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि शुश्रूषेची मूलतत्त्वे असे सहा विषय एकदम पुढ्यात येतात. पुढे जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र रांगेत उभेच असतात. आणि हे सारे वॉर्डातील काम सांभाळून!

आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलगी बारावीस उत्तम गुण मिळवून या अभ्यासक्रमास गेली आणि दुसऱ्याच महिन्यात पेटी भरून घरी आली. ‘आई, मला हे झेपत नाही,’ एवढेच तिचे म्हणणे. बुद्धी उणी नव्हती, कष्टांची तयारीही होती. रात्री अकरा वाजता ती जाडजूड ग्रंथ उघडी, पहिल्या ओळीपासून वाचू लागे, प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढी, आणि विसाव्या पानावर पोहोचेपर्यंत पहिले पान पुसून गेलेले असे. असे हताश होणारे विद्यार्थी थोडे नाहीत. हातात आलेले भविष्य केवळ वाचनाची रीत न सापडल्यामुळे निसटावे, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

‘एवढे वाचायचेच कशाला, नोट्स पाठ करून परीक्षा देता येते,’ असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. एकच उदाहरण देतो. आपल्या देशात बाटलीतील इन्सुलिन मुख्यत्वे दोन तीव्रतांचे मिळते. एकात प्रत्येक मिलिलिटरला ४० युनिट, दुसऱ्यात १००. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या; ४० च्या सिरिंजेचे टोपण सामान्यतः लाल, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. १०० च्या बाटलीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजेत २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. पुस्तकातील एवढीशी बाब, पण ती ज्या परिचारिकेने समजून वाचली तिच्या हाती रुग्ण सुरक्षित. म्हणून वाचनाचा भार टाकता येणार नाही. तो उचलावा कसा, एवढाच प्रश्न आहे.

येथे आमच्या कचेरीचा अनुभव कामी येतो. चारशे पानांची फाईल टेबलावर आली म्हणजे जाणता अधिकारी ती पहिल्या पानापासून वाचीत नाही. तो प्रथम विचाराधीन पत्र काढतो, निर्णय कशाचा करावयाचा आहे हे पाहतो, शेवटची टिपणी वाचतो, आणि मग त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या पानांकडे वळतो. आता फायली संगणकावर आल्या, पण रीत तीच. अमेरिकेतील फ्रान्सिस रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी जी पद्धत मांडली, ती बरीचशी अशीच आहे. आधी प्रकरणावरून नजर फिरवावी, मथळ्यांचे प्रश्न करावेत, त्या प्रश्नांच्या शोधात वाचावे, मग पुस्तक मिटून उत्तर स्वतःस सांगावे, आणि काही दिवसांनी उजळणी करावी.

परिचारिकेच्या बाबतीत ‘विचाराधीन पत्र’ म्हणजे खाटेवरचा रुग्ण. आज वॉर्डात हृदयविकाराचा रुग्ण पाहिला असेल, तर रात्री तेच प्रकरण उघडावे. औषधशास्त्र वाचताना प्रत्येक औषधास चार प्रश्न विचारावेत : देण्यापूर्वी काय पाहावे? दिल्यानंतर काय पाहावे? केव्हा देऊ नये? डॉक्टरांस केव्हा कळवावे? डिगॉक्सिनचे पान या प्रश्नांनी वाचले की पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजणे, आणि प्रौढ रुग्णात ते ६० च्या खाली असल्यास औषध थांबवून डॉक्टरांस कळविणे, ही गोष्ट सहसा विसरत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वाचन हे त्या निरीक्षणाची धार आहे, असे आम्ही समजतो.

दुसरी गोष्ट पुस्तक मिटण्याची. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले होते. रेघा ओढल्याने अभ्यास झाल्याचा भास होतो; न पाहता सांगता आले तरच तो झाला. आपल्या पूर्वजांची पाठांतराची आणि परवचा म्हणण्याची चाल अगदीच वाया जाणारी नव्हती. मात्र पोपटपंची आणि समजून आठवणे यांत फरक आहे, तो विसरू नये.

तिसरी गोष्ट शब्दांची. इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा डोंगर पाहून मराठी माध्यमातून आलेली मुले बिचकतात. पण आपल्या शाळेत उपसर्ग आणि प्रत्यय शिकलेल्यास भय कशाचे? ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘हायपो’ म्हणजे उणे, ‘हायपर’ म्हणजे अधिक, ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘नेफ्रो’ मूत्रपिंडाचे, ‘हिपॅटो’ यकृताचे. अशी पन्नास मुळे एका वहीत उतरून घेतली की शेकडो शब्द आपण होऊन उलगडतात. परीक्षा इंग्रजीत द्यावी, समजून मात्र मराठीत घ्यावे. आणि रुग्णाशी कानडीत बोलावे. ‘एल्लि नोवु?’ – कुठे दुखते? – एवढे त्याच्या भाषेत विचारले तरी निम्मे दुखणे हलके होते. ज्या गावाने आपल्याला आसरा दिला, त्याचे हेही एक देणे आहे.

आता शेवटचा शब्द पालकांसाठी. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरी वाचावयास शिकविले, आणि घरातील बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या. त्याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि परिचारिकेच्या कामास समाज नाके मुरडीत असता तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात हे शिक्षण घेऊ लागल्या. आज घरोघरी तसा रोष नाही, पण उदासीनता आहे. ‘डॉक्टर नाही, नर्सच ना,’ हे वाक्य मुलीच्या कानी पडले की तिचे पुस्तक दुप्पट जड होते. ते वाक्य घरातून हद्दपार करा. परीक्षेच्या दिवसांत पाहुणे आणि घरकाम यांतून तिला सोडवा. आणि रोज पंधरा मिनिटे तिच्यासमोर बसून म्हणा, ‘आज काय वाचलेस ते मला मराठीत सांग.’ तुम्हांस त्यातले काही कळो वा न कळो; सांगता सांगता तिला कळेल.

ज्या मुलीचा उल्लेख केला, तिच्या आईने हेच केले. मुलगी परत गेली. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तके तेवढीच जाड आहेत, परंतु ती आता त्यांच्याखाली दबलेली नाही.

मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणांस आजारपणात कोणा अनोळखी परिचारिकेचाच हात आधार देतो. तो हात जाणता असावा, आणि त्यांतले काही हात आपल्या घरांतून तयार व्हावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवितो.