चिंध्यांचं वस्त्र : लादलेलं आणि निवडलेलं



गाडगेबाबांची मूर्ती आठवली की आधी खराटा दिसतो, मग गाडगं. अंगावरच्या कपड्यावर नजर जाते, पण फार वेळ थांबत नाही. आज मला तिथेच थांबायचं आहे. निरनिराळ्या रंगांच्या, निरनिराळ्या पोताच्या चिंध्या जोडून शिवलेलं ते वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. टाकून दिलेल्या कापडाचा पोशाख अंगावर घालून महाराष्ट्रभर फिरलेला हा माणूस आपल्या वऱ्हाडातला. त्या पोशाखाकडे आपण वैराग्याची खूण म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला वाटतं, त्यात वैराग्याइतकीच या मुलुखातल्या बायांची एक जुनी विद्या आहे, आणि एक अवघड सामाजिक प्रश्नही आहे.

देबुजी झिंगराजी जानोरकर २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात परिटाच्या घरी जन्मले. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी, गुरांमागे आणि शेतात गेलं. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्याच काळात मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. आपली शकुंतला. तिचं मुख्य काम कापूस वाहण्याचं होतं. गावोगावचा कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरावर आणि बोटीने विलायतेला. या कापसाच्या व्यापाराची सुरुवात आधीची. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत पैसा वाहू लागला. पण कापसाची गाठ इथून निघाली आणि कापड होऊन परत आली, तेव्हा ते कापड वेचणीला जाणाऱ्या बाईने विकत घ्यायचं होतं. तिच्या अंगावर मात्र ठिगळाचं लुगडं होतं.

याच्या शेजारी जपानमधलं एक उदाहरण ठेवून बघा. जपानच्या उत्तर टोकाला थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले शेतकरी दक्षिणेकडून जहाजाने येणाऱ्या सुती चिंध्या विकत घेत आणि थरावर थर शिवून कपडे करीत. बोरो म्हणतात त्यांना. आज ते जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. त्यांच्याकडे कापूस पिकत नव्हता म्हणून चिंध्या. आपल्याकडे कापूस पिकत असून चिंध्या. या फरकाचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आता विद्येविषयी. मी ज्या बायांना जुन्याचे कपडे शिवताना पाहिलं, त्या कोणत्याही शाळेत शिवण शिकल्या नव्हत्या, पण कापडाविषयी त्यांचं ज्ञान बारीक होतं. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. काष्ट्याजवळ, बसण्याच्या जागी, गुडघ्यावर ते आधी विरतं. काठ आणि पदर टिकून राहतात. म्हणून मधला विरलेला भाग काढून दोन्हीकडचे धड तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी काही दिवस निघतं. तेही गेलं की पोरीचा परकर निघतो, पोलकं निघतं. त्यातून उरलेल्या मऊ भागातून तान्ह्याचं झबलं, कुंची, टोपरं, दुपटं. त्यानंतर वाकळ. वाकळ फाटली की पोतेरं, आणि शेवटची चिंधी दिव्याची वात. एका लुगड्याचा हा प्रवास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण यात प्रत्येक टप्प्यावर कापड पारखण्याचा एक निर्णय आहे.

पारख अशी. जुनेर धुऊन उजेडासमोर धरायचं. जिथे आभाळ दिसतं तो भाग वरच्या थराला घ्यायचा नाही, आत अस्तरात घ्यायचा. मग उभ्या दोऱ्याने आणि आडव्या दोऱ्याने वेगवेगळं ताणून बघायचं. बरेचदा एका दिशेचा दोरा मेलेला असतो आणि दुसऱ्या दिशेचा जिवंत, म्हणून तुकडा लावताना जिवंत दोरा ओढ पडणाऱ्या दिशेला ठेवायचा. काठ घट्ट विणीचा, त्यामुळे तो गळ्याला, बाहीच्या तोंडाला, बटणपट्टीला. कोरं कापड जुन्याला तसंच जोडायचं नाही. पहिल्या धुण्यात कोरं आकसतं आणि शेजारचं जुनं ओढून फाडतं. जोडायचंच असेल तर आधी दोनतीनदा धुऊन घ्यायचं. आणि दोरा कापडापेक्षा मजबूत नको. ओढ पडली तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. दोरा पुन्हा भरता येतो.

सगळ्यांत महत्त्वाचा धावदोरा. दोन विरलेले थर एकावर एक ठेवून जवळजवळ ओळींनी शिवले की ताण एका जागी न राहता सगळीकडे वाटला जातो. एकेकटा कोणताही थर चार दिवस टिकला नसता, पण शिवलेले दोन थर वर्षं काढतात. हिवाळ्यात शेतात राखणीला जाणाऱ्या माणसाची बंडी अशीच होत असे. धावदोऱ्याला आपण सजावट समजतो. मुळात तो कापडाचा सांगाडा आहे.

तान्ह्या बाळाला पहिलं वस्त्र जुन्याचं घालण्याची रीत समाजाच्या सगळ्या थरांत होती, हे लक्षात घ्या. सावकाराच्या घरीही आजीच्या लुगड्याचंच दुपटं. कोऱ्या कापडात खळ असते, ते बोचतं. शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं सूत घाम टिपतं. अकोला-अमरावतीचा पारा वैशाखात पंचेचाळीसच्या वर जातो. या हवेत विरलेल्या सुतासारखं अंगाला मानवणारं काही नाही. तेव्हा जुन्याचे कपडे केवळ नाइलाजाने होत होते असं मानणं चूक आहे.

पण श्रोतेहो, इथे मला दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, नाहीतर आजचं व्याख्यान खोटं ठरेल. या देशात काही माणसांवर जुनी वस्त्रं लादली गेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत असा नियमच आहे. ज्याच्या पिढ्यान् पिढ्यांना दुसऱ्याने टाकलेलंच नेसावं लागलं, त्याच्यासमोर जुन्या कापडाचं कौतुक करणं ही निर्दयता होऊ शकते. १९२७ च्या नोव्हेंबरात याच अमरावतीत, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढच्याच महिन्यात महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि तिथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला, जातीची खूण सांगणारा पेहराव टाकायला सांगितलं. बायांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. त्यांच्यासाठी धड, नीट नेसलेलं लुगडं म्हणजे मुक्तीची सुरुवात होती. बाबासाहेबांचा सूटही त्याच अर्थाने वाचायचा असतो.

आता गाडगेबाबा आणि बाबासाहेब या दोन माणसांना शेजारी उभं करून बघा. एकाच्या अंगावर शिवलेल्या चिंध्या, दुसऱ्याच्या अंगावर सूट. दोघांचा एकमेकांवर गाढ विश्वास. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले, आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ गाडगेबाबा गेले. दोघांच्या कपड्यांत मला विरोध दिसत नाही. बाबांनी चिंध्या निवडल्या होत्या, आणि त्या घालून जगाला सांगत काय होते? उघड्यानागड्याला वस्त्र द्या. त्यांच्या दशसूत्रीत अन्न आणि पाण्यानंतर तिसरं स्थान वस्त्राचं. स्वतः चिंध्या घालणाऱ्याने दुसऱ्या कुणाला कधी चिंध्या घाल म्हटलं नाही.

ही भूमिका फार जुनी आहे. बुद्धाच्या संघात उकिरड्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून अंगावर घेण्याची रीत होती. त्या वस्त्राला पांसुकूल म्हणत. भिक्षूचं चीवर कसं जोडायचं, याचा नमुना मगधातल्या बांध घातलेल्या भातखाचरांवरून बुद्धाचा शिष्य आनंद याने बेतला, असं विनयपिटक सांगतं. ही जगातल्या जुन्यातल्या जुन्या बेतणीच्या नोंदींपैकी एक असावी. पुढे संघातल्याच देवदत्त या भिक्षूने आग्रह धरला की भिक्षूंनी जन्मभर पांसुकूलच घालावं, गृहस्थाने दिलेलं वस्त्र घेऊच नये. बुद्धाने नकार दिला. ज्याला हवं त्याने घालावं, ज्याला नको त्याने दिलेलं घ्यावं. या एका नकारात आजच्या विषयाचा गाभा आहे. वस्त्र तेच, चिंधी तीच. कोणी कोणाला घालायला लावली, हा प्रश्न.

हे मनात ठेवून आजच्या बाजाराकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या दुकानांत जुन्या साड्यांची जाकिटं, धावदोऱ्याचे कोट, तुकड्यांचे कुर्ते चांगल्या भावाने विकले जातात. मला त्याचा आनंद आहे. आईच्या ठिगळाची लाज वाटणारी पिढी गेली आणि ते ठिगळ मिरवणारी आली, हे चांगलंच झालं. पण दर्शनी बाजूला तयार करणाऱ्याचं नाव असतं, आणि शिवणारी बाई नगावर मजुरी घेते. कापड जुनं म्हणून ते स्वस्त, आणि कापड स्वस्त म्हणून हातही स्वस्त, असा हिशेब कुणीतरी मनात धरलेला असतो. खरं उलट आहे. कोऱ्या थानातून एका मापाचे शंभर कपडे एकदम कापता येतात. जुनेराचा प्रत्येक कपडा वेगळा पारखावा लागतो, वेगळा बेतावा लागतो, धुण्याचं आणि उसवण्याचं काम वेगळंच. शिवणीआधीचा हा वेळ मजुरीत धरा. बचत गटांच्या बायांनी दर सांगताना हा वेळ तासांत लिहून दाखवावा. घेणारा घासाघीस करील, करू द्या, पण कागदावर तो आकडा असला पाहिजे.

दुसरी अडचण कापडाचीच आहे. टेरिकॉट आणि नायलॉन आल्यापासून घरातल्या बोचक्यात सुती जुनेर कमी होत गेलं. कृत्रिम धाग्याचं कापड विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही, आणि सुताशेजारी जोडलं तर सुतालाच कापतं. त्याच्या पिशव्या होतील, पायपुसणी होतील, पण तान्ह्याचं झबलं त्याचं कुणी करू नये. म्हणजे पंचवीस वर्षांनी आपल्या नातीकडे शिवायला जुनेर असेल की नाही, हे आपण या दिवाळीला काय विकत घेतो यावर ठरतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कारखान्यांच्या परिसरात मोठा वस्त्रोद्योग पार्क उभा राहतो आहे. पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याहून त्याचं भूमिपूजन केलं. तिथून निघणारी सुती कतरण पोत निवडून, वेगळी बांधून इथल्या गटांना मिळावी, अशी मागणी अमरावतीकरांनी आत्ताच केली पाहिजे. एकदा ती सगळी मिसळून भंगारात गेली की तिचा उपयोग संपतो.

शेवटी एक सूचना, कारण व्याख्यानानंतर बरेच जण घरी जाऊन पेटी उघडतील असं मला वाटतं. धड असलेलं लुगडं कापू नका. जुनं हातमागाचं नऊवारी, लाल काठाचं, पणजीच्या लग्नातलं, ज्याला कुठेही आभाळ दिसत नाही, ते जाकिटासाठी फाडणं मला मान्य नाही, कितीही सुंदर जाकीट होणार असलं तरी. ते नेसा, किंवा घडी बदलत ठेवा, आणि कुणाचं, कुठल्या गावचं, कुठून घेतलं ते कागदावर लिहून सोबत ठेवा. वऱ्हाडातल्या बायांनी काय नेसलं, याची आपल्याकडे फार थोडी नोंद उरली आहे. कात्री लावायची ती विरलेल्याला. त्यातही आधी काठ उसवून बाजूला काढा, मग उजेडासमोर धरा, आणि मग उभा दोरा कुठे जिवंत आहे ते पाहा.