पहिली दहा मिनिटे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुंडल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभाला डॉक्टरला बोलावले की तो स्वच्छतेवर नाहीतर तंबाखूवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. मी अपघातावर बोलणार आहे. आणि त्यातही म्हातारी माणसे, लहान मुले व गरोदर बाया यांच्या अपघातावर. रुग्णालयात पुढे काय होते हे सांगण्यात आपला वेळ घेत नाही. माणूस पडल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत जो काळ जातो, तेवढ्यापुरतेच बोलावयाचे आहे. त्या काळात डॉक्टर जवळ नसतो. जवळ असता ते तुम्ही.

सुरुवात माझ्या घरापासून करतो, म्हणजे दुसऱ्याला नावे ठेवल्यासारखे व्हायला नको.

माझी दादी पंच्याहत्तरी ओलांडलेली. हृदयाचे ठोके अनियमित पडत म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला चालू होती. एके दिवशी पहाटे वजूसाठी मोरीवर गेली, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि डोके भिंतीवर आपटले. जखम नाही, रक्त नाही. कानाच्या वर एक टेंगूळ तेवढे आले. अम्मीने हळद लावली, चाचांनी धरून बाजेवर बसविले. दादी म्हणाली, ‘कुछ नहीं हुआ रे.’ मी त्या वेळी नुकताच डॉक्टर होऊन परगावी नोकरीला लागलो होतो. घरून फोन आला. मी विचारले, उलटी झाली का? नाही. शुद्ध हरपली होती का? नाही. बोलते का? चांगली बोलते. मग मी म्हणालो, विश्रांती घेऊ द्या. गोळीचे मी विचारलेच नाही. दोन दिवसांनी तिच्या हातातून कप निसटू लागला, चाचांना ती अब्बांच्या नावाने हाक मारू लागली. घरचे म्हणाले, वय झाले आता. तिसऱ्या सकाळी ती उठली नाही. मिरजेला नेले, डोक्यात साठलेले रक्त काढले, आणि आठवड्याने दादीची मैयत घरी आणली.

त्या तीन प्रश्नोत्तरांत चूक कुठे झाली याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. प्रश्न तरुण माणसाला विचारण्याचे होते. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, कवटीत मोकळी जागा राहते. तिथे रक्त हळूहळू साठत जाते आणि बरीच जागा भरेपर्यंत माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर थेंबाथेंबाने वाहणे थांबतही नाही. शरीर खोटी ग्वाही देते आणि आपण ती खरी मानतो. म्हणून आज मी घरोघर सांगतो की अशी गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला, मग तो कितीही ठणठणीत दिसो, त्याच दिवशी डोक्याचे सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी त्याला न्या.

ही खोटी ग्वाही केवळ डोक्याच्या बाबतीत नाही. रक्त गेले की नाडी जलद होते, हे विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचले असेल. पण रक्तदाबासाठी ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाची नाडी जलद होतच नाही. ज्याचा दाब एरवी १६० असतो त्याचा अपघातानंतर ११५ भरला, तर यंत्रावरचा आकडा चांगला दिसतो आणि माणूस मात्र बुडत असतो. अमेरिकेत रुग्णवाहिकांसाठी जी मार्गदर्शक नियमावली आहे, तिच्यात २०११ साली मुद्दाम नमूद केले गेले की पासष्टीनंतर वरचा दाब ११० च्या खाली आला तर तो धोक्याचा इशारा समजावा. तरुणासाठी ही रेघ ९० वर मानतात.

मुलांचे उलट आहे, पण फसवणूक तीच. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून सुमारे आठशे मिलिलीटर रक्त असते. आपल्या घरातला पाणी पिण्याचा मोठा पेला भरेल एवढे, म्हणजे अडीचशेच्या आसपास रक्त गेले तरी ते मूल आपला रक्तदाब टिकवून धरते. आणि मग पायरी चुकल्यासारखे एकदम कोसळते. त्याचा दाब पडण्याची वाट पाहू नये. हातपाय गार पडलेत, रंग फिका झाला आहे, आईकडे पाहूनही मूल रडत नाही, एवढ्यावरून ओळखावे. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प पडलेल्या मुलाची काळजी अधिक करा.

गरोदर बाईच्या अंगात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट झालेले असते. त्यामुळे लिटरभराहून जास्त रक्त जाईपर्यंत तिच्यावर काही दिसत नाही. तोपर्यंत शरीराने गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी केलेला असतो. आई बरी दिसते आणि बाळ गुदमरत असते. पाचवा महिना उलटलेल्या बाईला उताणी झोपवले तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे रक्त पोचणे कमी होते. तिला डाव्या कुशीवर वळवावे. पाठीच्या कण्याला मार असल्याची शंका असेल तर फळीवर सरळ ठेवून फळीचीच उजवी बाजू खाली घड्या घालून वीतभर उचलावी.

आता आपल्या कुंडलकडे वळू. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्ता बदलतो. इथल्या क्रांतिअग्रणी कारखान्याकडे बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे तांबडा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही, आणि आपल्याकडे एका मोटारसायकलीवर किती माणसे बसतात हे मी सांगायला नको. टाकीवर मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली गरोदर बायको, तिची ओढणी चाकाशी लोंबत. एका धडकेत मी आतापर्यंत सांगितलेले दोन प्रकार एकदमच रस्त्यावर पडतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या बाया तर सातव्या-आठव्या महिन्यात भरल्या ट्रॉलीवर चढतात. त्या आपल्या गावच्या नाहीत, पण त्या पडतात ते आपल्या रस्त्यावर.

अशा वेळी काय करावे? प्रथम १०८ ला फोन. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीबरोबर डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. ‘अपघात झालाय, लवकर या’ एवढे बोलून फोन ठेवू नका. वय सांगा, गरोदर असल्यास महिना सांगा, ठळक खूण सांगा. मग रक्त वाहते तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने जोराने दाबा. ओढणी यासाठी उत्तम. पाच मिनिटे तरी उचलून पाहू नका; कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हात किंवा पाय तुटल्यासारखा होऊन रक्त दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून आवळा, किती वाजता आवळली ते लिहून ठेवा आणि वाटेत सैल करू नका. पातळ सुतळी मात्र वापरू नका.

आणि पाणी पाजू नका. हे सांगताना मला माहीत आहे की आपल्यात तहानलेल्याला पाणी नाकारणे किती जड जाते. पण शुद्ध कमी असलेल्या माणसाचे पाणी श्वासनळीत जाते, आणि पुढे भूल द्यायची वेळ आली तर पोटातले पाणी घातक ठरते. ओठ ओले करा. अंगावर चादर, घोंगडी, जे असेल ते घाला. म्हातारा आणि मूल दोघेही लवकर गार पडतात आणि गार पडलेल्या अंगाचे रक्त गोठत नाही.

उचलताना एक गंमत ध्यानात ठेवा. पाठीत वाक आलेल्या म्हाताऱ्याला सपाट फळीवर दाबून सरळ करू नये. त्याच्या डोक्याखाली घडी द्यावी. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, फळीवर मान पुढे झुकते. त्याच्या खांद्यांखाली घडी द्यावी. तीच घडी, जागा निराळी. आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून जखमीला नेण्याची जी पद्धत आहे ती सोडा. रुग्णवाहिका फार लांब असेल तर जीप किंवा टेंपोत चादरीवर आडवे न्या.

बायांच्या बाबतीत एक अडचण मोकळेपणाने बोलतो, कारण ती आपल्या घरांत आहे. जखमी बाईचा बुरखा फाडायचा कोणी, परक्या पुरुषाने हात लावायचा कसा, या घोळात मिनिटे जातात. प्राणावर बेतले असता मनाईत सवलत असते, हे आपल्या बुजुर्गांना ठाऊक आहे. तरी संकोच जात नाही. तेव्हा उपाय असा की आपल्या मुलींनाच हे शिकवावे. शिकलेली एक मुलगी मोहल्ल्यात असली तर प्रश्नच उरत नाही.

दुसरी भीती पोलिसांची. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४ अ, हे स्पष्ट केले आहे की सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दावा चालत नाही, त्याला नाव सांगण्याची वा साक्षीची सक्ती करता येत नाही. आणि १९८९ च्या निकालापासून कोणत्याही डॉक्टरला, सरकारी असो वा खासगी, ‘आधी पोलीस’ म्हणून जखमीला परत पाठवता येत नाही.

वेळेचा हिशेब का ठेवायचा तेही सांगतो. २०१० साली चाळीस देशांतल्या, त्यात आपलाही देश होता, वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की ट्रॅनेक्सामिक अॅसिड हे साधे, स्वस्त औषध लवकर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तास उलटल्यावर दिले तर फायदा नाही, उलट धोका. ‘सकाळी कधीतरी पडली’ असे सांगणाऱ्या नातेवाइकापुढे डॉक्टरचे हात बांधले जातात.

आपल्याला मिरज जवळ आहे हे भाग्यच. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढले, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मिरजेची ही सगळी विद्या तिथे पोचलेल्यासाठी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती वापरणारा जाणता माणूस ठेवणे बंधनकारक केले होते. घरात दादी, नानी, सून आणि नातू असतात. तिथे पेटी नसते. निदान एक कागद तरी असावा. घरातल्या प्रत्येक वृद्धाच्या गोळ्यांची नावे त्यावर मुलांनी सुवाच्य अक्षरात लिहावीत, रक्त पातळ करणारी आणि साखरेची गोळी लाल शाईने. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि अपघातात गोळ्यांच्या पिशवीसह गाडीत द्यावा. मधुमेही माणूस बरळत असेल तर मार डोक्याला आहे की साखर उतरली आहे, हे त्या कागदावरून गाडीतल्या डॉक्टरच्या पटकन ध्यानात येते. घरात पोटुशी सून असेल तर तिचे तपासणी कार्ड आणि रक्तगट त्याच जागी असू द्या.

बोलणे पुष्कळ झाले. आता चादरीवर उचलून दाखवायचे आहे. आठवी-नववीच्या सहा मुलींनी पुढे यावे, आणि आडवे होण्यासाठी एका चाचांनी. अंगाने जरा भारी असलेले बरे.