सल्ल्याला धार कोण देणार?

(अकोटा, बडोदे येथे मराठी बांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वामित्रीच्या काठी मराठीत बोलताना आम्हांला परकेपणा वाटत नाही. तरीही 1 मे 1960 रोजी गुजरात राज्य झाले आणि येथील राजघराण्याची मराठी अल्पसंख्याकांची भाषा ठरली. माणसे जागची हलली नाहीत; राज्याची सीमा तेवढी हलली. सीमाभागातील आमचा अनुभव याहून निराळा नाही. अशा माणसांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी कोणी मांडावे?

1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने याचे उत्तर दिले. 350 अ कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपविले. 350 ब कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी दिला. 1957 साली हे आयुक्तालय सुरू झाले. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असल्यास त्यांच्या भाषेतून शिकविण्याची सोय करावी, हे सूत्र तर 1949 चे. त्यावर नजर ठेवणारा आता मिळाला. पण आयुक्ताने चौकशी करावी, राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, तो संसदेपुढे यावा; अंमल मात्र राज्यानेच करावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच मर्जीवर निवारण!

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 1971 साली मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांसाठी आयोग स्थापिला; 1987 मध्ये त्याच्या नावात सारा हिस्पॅनिक समाज आला. त्याचेही काम सल्ल्याचेच. परंतु सदस्य त्या समाजातले, आणि सल्ला थेट राज्यपालाला व विधिमंडळाला. आमचा आयुक्त केंद्राचा, दूरचा. तेथे राज्याच्याच घरात पीडितांना आसन आहे. हा भेद लहान नव्हे.

हे मागणे अवाजवी म्हणणाऱ्यांना आम्ही बडोद्याकडेच बोट दाखवू. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. तरी सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि सयाजी साहित्यमालेत दोन्ही भाषांना स्थान दिले. सत्ता हाती असताना त्यांनी जे औदार्य दाखविले, तेच आज सत्ताधारी बहुसंख्यांकडून आम्ही मागतो.

प्रत्येक राज्यात भाषिक अल्पसंख्याकांची, त्यांच्याच प्रतिनिधींची वैधानिक परिषद हवी. ती मिळेपर्यंत बंद पडणाऱ्या प्रत्येक वर्गाची, नाकारलेल्या प्रत्येक अर्जाची तक्रार तारीखवार, लेखी आयुक्ताकडे गेलीच पाहिजे. अहवालात जे नोंदले जात नाही, ते संसदेच्या लेखी घडलेच नाही. सल्ल्याला धार येते ती जागरूक जनतेच्या हातून. ती धार आपणच लावू या!