अर्धांगवायु आणि रक्तांतील साखर

अर्धांगवायूचा झटका आलेल्या रोग्याचें रक्त तपासलें असतां त्यांत पुष्कळदां साखर वाढलेली आढळते. ज्याला मधुमेह कधीं नव्हता त्याच्या रक्तांत ही साखर आली कोठून, हा नातेवाइकांचा प्रश्न अगदीं रास्त आहे. मेंदूवर आघात होतांच सारें शरीर सावध होतें. मूत्रपिंडांवरील ग्रंथि आपले स्राव रक्तांत सोडतात व त्यांच्या प्रेरणेनें यकृत आपल्या सांठ्यांतील साखर मोकळी करतें. कांहीं रोग्यांना मात्र मधुमेह पूर्वींपासूनच असतो आणि तो या निमित्तानें प्रथम उघडकीस येतो. मागील दोनतीन महिन्यांतील साखरेचें सरासरी मान दाखविणाऱ्या रक्तपरीक्षेनें हा भेद ओळखतां येतो.

वाढलेली साखर निरुपद्रवी नव्हे. रक्तवाहिनींत गुठळी अडकून मेंदूच्या ज्या भागाचा प्राणवायु तुटला, तेथें साखरेचें ज्वलन अर्धवट होऊन आम्ल सांचतें आणि वांचण्याजोग्या पेशींनाहि तें मारक ठरूं शकतें. साखर वाढलेले रोगी इतरांपेक्षां कमी सुधारतात, हा अनुभवहि जुनाच. तेव्हां इन्सुलिनच्या बळावर साखर झपाट्यानें खालीं आणावी म्हणजे मेंदू वांचेल, असें वाटणें साहजिक होतें.

परंतु तर्क कितीहि सरळ दिसला तरी त्याची कसोटी रोग्याच्या खाटेजवळच लागते. ती अमेरिकेंत २०१२ ते २०१८ या काळांत लागली व तिचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. साखर वाढलेल्या ११५१ रोग्यांचे दोन गट केले होते. पहिल्या गटांत शिरेंतून इन्सुलिन देऊन साखर दर १०० मिलिलिटर रक्तामागें ८० ते १३० मिलिग्रॅम ठेवण्याचा कसून यत्न झाला. दुसऱ्यांत त्वचेखालीं इन्सुलिन टोचून ती १८० च्या आंत राखण्याचा नेहमींचा क्रम ठेवला. तीन महिन्यांनीं पाहतां चांगली सुधारणा झालेले रोगी पहिल्या गटांत शेंकडा २०.५ व दुसऱ्यांत २१.६ भरले. म्हणजे अधिक कसोशीचा लाभ कांहींच झाला नाहीं. उलट पहिल्या गटांत शेंकडा २.६ जणांची साखर ४० च्याहि खालीं उतरली. दुसऱ्यांत एकाचीहि नाहीं.

साखर फार उतरणें हा जखमी मेंदूवर दुसरा घाला होय; कारण मेंदूजवळ स्वतःचा असा सांठा जवळजवळ नसतो, रक्तांतून येईल तेवढ्यावरच त्याचें चालतें. केवळ साखर उतरल्यामुळेंहि वाचा अडखळते, हातपाय लुळे पडतात व अर्धांगाचा भास होतो. म्हणूनच गुठळी विरघळविणारें औषध देण्यापूर्वीं साखर पाहणें अवश्य मानलें आहे. पहिल्या दिवशीं ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवावी, वरचेवर तपासावी आणि ६० च्या खालीं गेल्यास तत्काळ भरून काढावी, अशी मध्यम रीत आज रूढ आहे.

या रीतीला चातुर्यापेक्षां दक्षता अधिक लागते. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्समधील १९ विभागांत झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत परिचारिकांनीं ताप, साखर आणि गिळण्याची शक्ति या तीनच गोष्टींवर नियमानें लक्ष ठेविलें. तीन महिन्यांनीं मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण तेथें शेंकडा ४२ होतें. इतरत्र तें ५८ होतें.

घरच्या माणसांचें कर्तव्यहि यांतूनच स्पष्ट होतें. गिळण्याची परीक्षा होईपर्यंत रोग्याच्या मुखांत चहा, मध, साखरपाणी कांहींहि घालूं नये. तें श्वासनलिकेंत उतरून जीवावर बेततें. मधुमेहाचें औषध चालू असल्यास त्याचें नांव व शेवटच्या मात्रेची वेळ डॉक्टरांस सांगावी. घरची गोळी परस्पर देऊं नये. आणि रोगी घरीं परतल्यावर, आतां धोका टळला असें समजून, साखरेची तपासणी सोडूं नये.