अंध विद्यार्थी आणि संगणकाची वाणी

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



लुई ब्रेल यांच्या सहा टिंबांनी अंधांना अक्षरांचे जग खुले केले. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती १९५१ साली स्वीकारण्यात आली आणि मराठीही त्या टिंबांत उतरली.

आता टिंबांच्या जोडीला संगणकाची वाणी आली आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तयार करण्यास प्रारंभ केला. ती मराठीही वाचते.

मात्र त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला 'शाळा' हा शब्द डोळसांना नीट दिसतो. यंत्राला मात्र तेथे रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक जुळणी आढळते. कागदाचे नुसते छायाचित्र पाठविल्यास, अक्षर-ओळखीची वेगळी सोय नसेल तर, यंत्र मुकेच राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व सहायक साधने विनामूल्य पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु साधन हाती येऊनही वाचण्याजोगा मजकूर नसेल, तर त्या साधनाचा उपयोग काय?

म्हणून शिक्षकांनी टिपणे व प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टंकाव्यात, आकृतीखाली दोन ओळींचे वर्णन द्यावे आणि फळ्यावर लिहिलेले मोठ्याने उच्चारावे. ग्रामपंचायतींनीही आपल्या सूचना याच रीतीने काढाव्यात. या कामी वेगळ्या निधीची गरज नाही. थोडी दक्षता पुरेशी आहे.