दारचा डोंगर : एक दिवसाची पायी सहल

(अकोले तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सहल हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मोटार उभी राहते. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच शाळाशाळांतून वर्गणीची यादी फिरू लागते, गाडी ठरते, आणि एका दिवसात दोन देवळे, एक धरण व एक किल्ला उरकून मुले रात्री पेंगत घरी येतात. अशा सहलींना माझा विरोध नाही. डोंगरातल्या मुलाला समुद्र दाखविलाच पाहिजे, आणि तो पायी चालून दिसणार नाही. परंतु त्या यादीच्या तळाशी ज्यांच्या नावापुढे पैशाचा आकडा कधीच पडत नाही, अशी चारसहा मुले प्रत्येक शाळेत असतात. ती घरी राहतात. आणि पुढच्या आठवड्यात ‘आमची सहल’ हा निबंध मात्र त्यांनाही लिहावा लागतो. आजचे माझे बोलणे मुख्यतः ह्या मुलांसाठी आहे.

आपला तालुका असा आहे की महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, आपल्या बारी गावच्या माथ्यावर उभे आहे. रतनगड आपला, हरिश्चंद्रगड आपला. पुण्या-मुंबईची माणसे रात्रीचा प्रवास करून येथे चालावयास येतात, आणि पायथ्याच्या शाळेतील मुले गडावर शाळेबरोबर एकदाही गेलेली नसतात. घरच्यांबरोबर ती गेलेली असतात. हिरडा गोळा करावयास, गुरांमागे, देवाला. पण त्या जाण्याचा आणि शाळेचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मी उदाहरण म्हणून हरिश्चंद्रगडच घेतो, कारण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. त्यास अनेक वाटा आहेत. जुन्नरच्या बाजूने खिरेश्वराहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे. खिंडीच्या वर कातळाचा उभा टप्पा लागतो, तेथे कठडे बसविलेले आहेत, आणि त्यानंतर एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. धुक्यात तेथे जाणत्यांचीही दिशाभूल होते. कोकणातून नळीच्या वाटेने येणे हे तर कसलेल्या गिर्यारोहकाचे काम आहे. त्याचा शाळेने विचारही करू नये. आपली वाट पाचनईची. ती ओढ्याच्या घळीला धरून, पुढे झुकलेल्या कातळाच्या भिंतीखालून जाते आणि धडधाकट माणसास दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी नेऊन सोडते. सातवीची मुले ही वाट चालू शकतात. चौथीच्या मुलांना मात्र ती अर्ध्यापर्यंतच पुरे.

आता ह्या वाटेवर शिकवावयाचे काय? मी असे म्हणेन की आधी स्वस्थ बसून डोंगराकडे पाहावे. तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या थरांचा हा जिना आहे. इंग्रजीत ह्या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही मुळात स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. कठीण थराचा कडा झाला, त्यामानाने ठिसूळ थर झिजून सपाटी झाली, आणि आपल्या पूर्वजांनी त्या सपाटीस माची हे नाव दिले. किल्ले बांधणाऱ्याने अर्धा तट निसर्गाकडून फुकट मिळविला तो असा. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा भाजल्यासारखा पट्टा दिसतो. भेगांतून मुरलेले पाणी अशा ठिकाणी अडते आणि बाजूने पाझरते. आपल्या गावचा झरा कोणत्या उंचीवर आहे, त्याच्या वर कोणता थर आहे, हे मुलांना शोधू द्यावे. भूगोलाच्या पुस्तकातील धडा मग पुन्हा वाचण्यात गोडी वाटते.

दुसरा पाठ हवेचा. शाळेत तापमापक असेल तर तो जपून बरोबर घ्यावा. दर १००० मीटर चढल्यावर हवा सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याला सावलीत एकदा, माथ्यावर सावलीत एकदा असे आकडे मुलांनी वहीत टिपावे. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळणार नाही, कारण मधल्या वेळेत सूर्यही वर आलेला असतो. ते का जुळले नाही ह्याचा विचार करणे हाच खरा पाठ. गडावर भात शिजावयास वेळ का लागतो, हेही तेथेच सांगावे. १४०० मीटरांवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते.

आणि कारवी. ही झुडपे साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलतात. पहिलीत आलेल्या मुलाच्या साऱ्या प्राथमिक शाळेत तो बहर एकदाच यावयाचा. ज्या वर्षी तो आपल्या डोंगरावर येईल, त्या वर्षी चाचणी परीक्षा दोन दिवस पुढे गेली तरी चालेल, असे माझे मत आहे. वरिष्ठांचे काय मत आहे ते मी विचारलेले नाही.

ह्या साऱ्यात एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, वाचनात अडखळणारा ठाकराचा किंवा महादेव कोळ्याचा मुलगा डोंगरावर पहिल्या अर्ध्या तासातच सर्वांच्या पुढे असतो. हिरडा कोणता, गेळा कोणता, कोणते कंद खावयाचे, पाणी कोठे टिकते, हे त्याला विचारावे लागते. एका शाळेत मी पाहिले की अशा मुलाने सांगितलेली चाळीस झाडांची नावे गुरुजींनी फळ्यावर लिहिली आणि त्या यादीवरच महिनाभर त्याचे वाचन घेतले. आपली स्वतःची माहिती वाचावयास मुलास कंटाळा येत नाही. बोलीतले नाव पुस्तकातल्या नावाहून निराळे असेल तर दोन्ही लिहावी. बोलीतले खोडून टाकू नये.

आता व्यवस्थेकडे वळतो, आणि येथे थोडा अधिक वेळ घेणार आहे. कारण डोंगर हा खेळ नव्हे, आणि चाळीस आयांनी आपली मुले आपल्या स्वाधीन केलेली असतात.

पहिली गोष्ट ही की ज्या वाटेने मुलांना न्यावयाचे, तिने शिक्षकाने आधी स्वतः चालून यावे, तेही त्याच महिन्यात. गेल्या वर्षी पाहिलेली वाट ह्या वर्षी ओढ्याने नेलेली असते, आणि नोव्हेंबरात भरलेले टाके फेब्रुवारीत तळ गाठते. बरोबर गावातील एक वाटाड्या घ्यावा व त्यास मोबदला द्यावा. हा सर्व प्रदेश १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, म्हणून वनखात्यास आधी कळवावे. कार्यालयाची परवानगी आणि पालकांचे लेखी संमतिपत्र हे तर झालेच पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडमधील गिर्यारोहकाने एक सोपा हिशेब सांगून ठेवला आहे : दर पाच किलोमीटर वाटेस एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. चार किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे होतात. हे सरावलेल्या प्रौढाचे गणित झाले. मुलांसाठी त्यात निम्मी भर घाला, म्हणजे पावणेतीन तास. उतरावयास वेळ कमी लागतो हा समज शाळेच्या बाबतीत खरा धरू नये. घसाऱ्यावर मुले घाबरतात, चपलांचे पट्टे तुटतात, आणि बहुतेक पाय मुरगळतात ते उतारावरच. म्हणून परत फिरण्याची वेळ सकाळी पायथ्याशीच सर्वांसमक्ष सांगावी. एक वाजता परतावयाचे ठरले असेल तर एक वाजता देऊळ समोर दिसत असले तरी परतावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीतून तो त्याआधीच निघून जातो. कळस दिसत असताना माघारी वळविलेली मुले रुसतील. रुसू द्यावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. प्रत्येक मुलामागे दोन लिटर धरावे. चाळीस मुलांचे ऐंशी लिटर, म्हणजे ऐंशी किलो वजन. हे ओझे कोणा एकाचे नव्हे, ज्याचे त्यानेच वाहिले पाहिजे. २०२० सालच्या दप्तराविषयीच्या राष्ट्रीय धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे असे म्हटले आहे; तेच माप येथे लावा. तीस किलो वजनाच्या मुलाने तीन किलो वाहावे. त्यात दोन किलो पाणी, म्हणजे भाकरी, चटणी आणि एक चादर ह्यांना एकच किलो उरला. हे गणित आदल्या दिवशी वर्गात तागडी घेऊन मुलांकडूनच करवून घ्यावे. नको त्या वस्तू ती आपण होऊन काढून ठेवतात. गडावरचे पाणी गाळून व उकळून घेतल्याशिवाय पिऊ देऊ नये. एखादे मूल उन्हाने मलूल झाले तर त्यास सावलीत बसवून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे.

चालताना एक शिक्षक पुढे, एक अगदी शेवटी. येथे एक अन्याय नेहमी घडतो, तो लक्षात घ्या. पुढचे लोक थांबतात, विसावा घेतात. मागचे दमलेले मूल धापा टाकीत पोहोचते, आणि ते पोहोचले की पुढचे म्हणतात, चला. अशा रीतीने ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच तो मिळत नाही. विसाव्याची दहा मिनिटे शेवटचे मूल टेकल्यापासून मोजावीत. सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढच्या शिक्षकाच्या लगेच मागे ठेवले तर हा प्रश्न बहुतांशी उरतच नाही. मोजदाद निघताना, माथ्यावर, उतरण्यापूर्वी आणि पायथ्याशी, अशी चार वेळा करावी.

मुली बरोबर असतील तर शिक्षिका हवीच. त्यांच्या नैसर्गिक विधींसाठी आडोशाची जागा आधीच पाहून ठेवावी, आणि लागणाऱ्या वस्तू शिक्षिकेच्या पिशवीत असाव्यात. ह्या संकोचामुळे कित्येक पालक मुलींना पाठवीत नाहीत. तो विषय पालकसभेत शिक्षिकेनेच आयांशी उघडपणे बोलावा.

कोकणकड्याविषयी वेगळे सांगतो. त्याचे रूप अवर्णनीय आहे, पण तो आत वळलेला, अंतर्गोल कडा आहे. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन आहे असे त्यास वाटते. खाली पोकळी असू शकते. मुलांना काठापासून वीस पावलांवर ओळीने बसवावे, आणि एकासही उठू देऊ नये. छायाचित्रासाठी तर मुळीच नाही. तेवढी शिस्त आपल्या वर्गात नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी देवळापासूनच परतावे. केदारेश्वराची गुहा, तिच्यातील थंडगार पाणी, चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच खांब, आणि चांगदेवांच्या तपाची परंपरा, एवढे पाहावयास अर्धा दिवस पुरत नाही.

कड्याखाली आग्यामोहोळ असेल तर धूर, दगड आणि आरडाओरड ही तिन्ही वर्ज्य. माश्या उठल्याच तर चादरीने तोंड झाकून तेथून दूर जावे. साप चावल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे ह्यांतले काहीही न करता तो अवयव हालू न देता मुलास उचलून न्यावे व १०८ क्रमांकास कळवावे. कोठे कोठे दूरध्वनी लागतो हे पाहणीच्या वेळीच टिपून ठेवावे. विजा चमकू लागल्यास उंचवटा आणि एकटे झाड सोडावे. आणि पावसाळ्यात शाळा डोंगरावर नेऊच नये. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. संततधारेत डोंगर कसा वागतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

मुक्कामाच्या सहलीविषयी काहींनी विचारले आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन खिरेश्वराहून चढावे, तोलार खिंडीतील वाघाचे शिल्प पाहावे, रात्री वर राहून दुसऱ्या दिवशी पाचनईस उतरावे, हा कार्यक्रम उत्तम आहे. पण तो शिक्षकांनी शिक्षकांसाठी करावा. ज्याने स्वतः थंडीत एक रात्र डोंगरावर काढली आहे, त्याला मुलांच्या पिशवीत काय हवे हे विचारावे लागत नाही. मुक्कामाची मुभा कोठे आहे हे वनखात्याकडून समजून घ्यावे.

आता कामाचे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावाजवळचा एक डोंगर, मग तो लहानशी टेकडी का असेना, चालून यावा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्या : चढावयास व उतरावयास लागलेली मिनिटे, पाण्याच्या जागा व त्यांतील पाणी, दूरध्वनी लागण्याची ठिकाणे, आणि वाटेवरील धोक्याच्या जागा. वाटेचा कच्चा आराखडा मागील बाजूस काढावा. हे कागद पुढील शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. त्यांतून तालुक्याची एक वही तयार करू, आणि बदलीने नव्या गावी आलेल्या शिक्षकास ती पहिल्या दिवशी मिळेल असे पाहू.