चौक लिहिणारी

जव्हार-मोखाड्याकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर 'लिहितात'. काढतात म्हणायचं नाही, बरं का! आमच्या शेजारच्या नव्या सुनेला त्याचं भारी वेड. घरच्या लग्नाला तिनं तांदूळ वाटले, काडीचं टोक ठेचलं, पाण्यासाठी वळली, तोच शेळीनं वाटी चाटून साफ केली! उन्हाळ्यात कणगी तळाला गेलेली. शेवटी सासूनं बियाण्यातलं मूठभर भात कुटून दिलं.

१९७६ साली जिव्या सोमा मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे चित्र कागदावरून देशोदेशी गेलं. योग्यच झालं. पण भिंती लिहिणाऱ्या बायकांची नावं कितीजणांना ठाऊक आहेत?

संध्याकाळी पालघट देवी भिंतीवर उभी राहिली. शेळी मात्र दिवसभर खुंट्याला!